वितंडा आणि अनुवादाचा (समोरच्याचं म्हणणं परत मांडण्याचा) नियम

स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं योग्य आहे का, असा प्रश्न चर्चेत नेहमी येतो. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाचे नियम सांगणाऱ्या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, यालाच वितंडा म्हणतात. मराठीत आपण कुठल्याही निरर्थक भांडणाला वितंडवाद म्हणतो, पण मूळ अर्थ नेमका आहे: प्रतिपक्षाची, म्हणजे स्वतःच्या विरोधी बाजूची, स्थापना नसलेला जल्प. जल्प आणि वाद हे चर्चेचे दोन प्रकार: जल्प जिंकण्यासाठी, वाद तत्त्व ठरवण्यासाठी.

निग्रहस्थानं, म्हणजे हार ठरण्याच्या जागा, एकूण २२ आहेत. त्यांतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अननुभाषण. एखादं विधान तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी प्रतिवाद्याला ते परत मांडता आलं नाही, तर तो हरला. म्हणून खंडनाआधी समोरच्याचं म्हणणं एकदोन वाक्यांत आपल्या शब्दांत लिहावं आणि 'हेच म्हणायचंय ना?' असं विचारावं. बहुतेक भांडणं इथेच मिटतात, कारण खोडलेलं विधान मुळात कुणी केलेलंच नसतं. उलट बाजूही आहे: तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला कळलं नाही, तर दोष बोलणाऱ्याचा (अविज्ञातार्थ). दुर्बोध लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

वाक्छलाचं, म्हणजे शब्दाचा मुद्दाम दुसराच अर्थ धरण्याचं, न्यायसूत्रांवरच्या भाष्यातलं उदाहरण 'नवकंबल' ('नव' म्हणजे नवं किंवा नऊ): बोलणारा नवी घोंगडी म्हणतो, ऐकणारा नऊ घोंगड्या मोजायला लागतो. अशा वेळी चिडू नये. शब्दाचा अभिप्रेत अर्थ सांगून पुढे जावं. आणि दोष नसताना दोष दाखवणं हेसुद्धा निग्रहस्थानच आहे, निरनुयोज्यानुयोग.