बाबूचा सारसचा फोटो ग्रुपवरून का काढला

(आमच्या घरच्या ग्रुपवर झालेलं हे बोलणं. सगळ्यांना विचारून इथं ठेवतो आहे. नावं काढून नुसती नाती ठेवली आहेत (बाबू म्हणजे दादा-वहिनींचा मुलगा, माझा पुतण्या), गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. गोंदिया जिल्हा, एवढं पुरे. 'मी' म्हणजे तालुक्याच्या फोटोग्राफी ग्रुपच्या चार अ‍ॅडमिनांपैकी एक.)

ताई (नागपूर): बाबूचा सारसचा फोटो कुठं गेला रे? शेजारणीला दाखवायला फोटोवाला ग्रुप उघडला तर 'अ‍ॅडमिनने डिलीट केला' असं दिसतंय. अ‍ॅडमिन तर तूच ना?

वहिनी: मीही तेच विचारणार होती. पोरगं काल धड जेवलं नाही.

भाऊजी: 19 ऑगस्टच्या, फोटोग्राफी दिनाच्या प्रदर्शनात लागणार होता ना तो? मी तर पाहिल्याबरोबर म्हटलं, पहिला नंबर याचाच.

बाबू: राहू द्या ना आत्या. काढायच्या आधी काकांनी मला फोन केला होता.

मी: हो, मीच काढला. बाकीच्या तिघांना विचारून काढला. गुरुजी, मेडिकलवाले भाऊ, एसटीतले कंडक्टर भाऊ, तिघांचंही तेच म्हणणं पडलं.

मी: पहिले फोटोबद्दल बोलतो, कारण तो साधासुधा फोटो नाही. सारसमध्ये नर-मादी दिसायला सारखेच, अंडी दोघंही पाळीपाळीनं उबवतात, त्यामुळे फोटोतला कोणता ते सांगता येत नाही. तो घरट्यावर उभा राहून चोचीनं अंडं फिरवतोय. डोळा एकदम टोकदार आलाय. मानेचा लाल रंग कुठंच जळला नाही. चोचीच्या टोकाला चिखलाचा थेंब लोंबतोय, तोसुद्धा दिसतो. आभाळ असल्यामुळे सावल्या कडक पडल्या नाहीत. ग्रुपमध्ये पंधरा-वीस वर्षं कॅमेरा हातात धरणारे लोक आहेत, त्यांच्याकडूनही असा फोटो क्वचित येतो. बाबूच्या कामात काहीच खोट नाही.

वहिनी: मग काढला काहून?

मी: घरट्यात दोन अंडी आहेत वहिनी. सारस एका हंगामात बहुतेक दोनच अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. आणि त्या फोटोवरून घरटं कुठं आहे ते कोणालाही काढता येतं. मागं डाव्या कोपऱ्यात हायटेन्शनचा खांब आहे, त्याच्या बाजूला मंदिराचा कळस. आपल्या पाच गावांतला कोणीही माणूस तो फोटो पाहून बांधी (धानाचं शेत) ओळखेल.

ताई (नागपूर): अरे पण एवढं बारीक कोण पाहतो?

मी: पाहायचीही गरज नाही ताई. फोटो 'डॉक्युमेंट' करून आला होता.

बाबू: काका, तो तर ग्रुपचाच नियम आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो पिचतो.

मी: नियम बरोबर आहे, आणि तो राहणार. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबून लहान केला जातो. पिसांचा पोत जातो, मग आम्ही सांगायचं तरी काय, फोकस कुठं आहे ते? म्हणून डॉक्युमेंट मागतो. पण साध्या फोटोतून व्हॉट्सअ‍ॅप आतली माहिती काढून टाकतं, डॉक्युमेंटमध्ये ती जशीच्या तशी जाते. कॅमेरा कोणता, लेन्स किती, शटर किती, वेळ काय. आणि लोकेशन चालू असेल तर ती जागाही. तुझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही, पण त्याचं अ‍ॅप तू फोनला जोडून ठेवलंस, ते फोटोत जागा लिहून देतं. मी फाइल उघडली आणि नकाशावर बोट लावलं तर सरळ त्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर आलं.

बाबू: हे मला खरंच माहीत नव्हतं.

मी: बहुतेकांना माहीत नसतं. रविवारी गुरुजी हेच दाखवणार आहेत सगळ्यांना: लोकेशन कसं बंद करायचं आणि आधीच्या फोटोतून कसं पुसायचं.

भाऊजी: एक विचारतो, राग मानू नका. फोटो बाहेर आले नसते तर गोंदियात सारस आहे हे कोणाला कळलं असतं? पेपरात छापून आलं म्हणून तर 2021 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. फोटोच दाबून ठेवले तर पक्ष्याचं भलं कसं होणार?

मी: राग कशाचा भाऊजी, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ आपल्याच भागात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या मोजणीतही थोडकेच सापडतात. लोकांपर्यंत हे फोटोनंच पोहोचलं. पण सारसचा फोटो आणि सारसच्या घरट्याचा फोटो यात फरक आहे. जोडी चरताना काढा, उडताना काढा, पिल्लू मोठं झाल्यावर तिघं मिळून कापणी झालेल्या बांधीत दाणे टिपतात तेव्हा काढा. अंड्यांवर असताना नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलंय. फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

भाऊजी: शिकारीत? हे नवीनच ऐकतोय.

वहिनी: पण बाबू तर लांबूनच काढत होता. मोठी नळी लावली होती ना.

मी: हो, 600 ची लेन्स होती, ग्रुपचीच, आळीपाळीनं देतो ती. बाबू एकटा होता, बसून होता, पक्षी उठला नाही. मला त्याची काळजी नाहीच. काळजी त्याच्या मागून येणाऱ्यांची आहे. दहा जण आले की त्यातला एक तरी अजून दोन पावलं पुढं जातो. मग पक्षी उठतो. सारस उठला की अंडी उघडी पडतात, आणि कावळा काही लांब नसतो. माणसांमागून गावातली कुत्रीही त्या वाटेनं शिकतात.

दादा: मागच्या साली पलीकडच्या गावात झालंच होतं. सांग त्याईले.

मी: तूच सांग, तू पाहिलंय.

दादा: कोणीतरी घरट्याचा फोटो टाकला. दोन दिवसांत बाहेरच्या गाड्या आल्या. लोकं धुऱ्यावरून चालले, धुरा ओला होता, फुटला. बांधीतलं पाणी खालच्या बांधीत गेलं. रोवलेलं धान तुडवलं ते वेगळंच. त्या शेतकऱ्यानं तेवढी जागा सारससाठी सोडली होती, तिथं निंदणालेही बाया लावल्या नव्हत्या. त्यालेच भुर्दंड. तो मले म्हणाला, पुढच्या साली अंडी दिसली त कोणालेच सांगत नाही, नाहीतर घरटं बसूच देत नाही.

मी: ताई, माझं सगळं म्हणणं दादाच्या या शेवटच्या वाक्यात आहे. आपल्याकडचा सारस राखीव जंगलात अंडी घालत नाही, धानाच्या बांधीत घालतो. मालकी जागेत. घरट्यासाठी तो आजूबाजूचं धान उपटून ढीग करतो, म्हणजे नुकसान होतंच. तरी शेतकरी राहू देतो, कारण आजा-पणजापासून ती जोडी त्याच्या शेतात येते असं त्याला वाटतं. वनखातं येतं, सारसचं काम करणारे लोक येऊन समजावतात, ते सगळं खरं. पण रोज पहाटे तिथं असतो तो शेतकरीच. त्याचं मन एकदा उठलं तर सारसला दुसरा राखणदार नाही. आणि ते मन उठवायला फोटोवाल्यांची एक टोळी पुरते.

आई (दादाच्या फोनवरून, मी लिहून घेतलं): आम्ही रोवणी करत होतो तं सारस बाजूच्या बांधीत उभे राहत. इतक्या बाया वाकून काम करत, बोलत, गाणे म्हणत, त्याईले भेव नसे. माणूस आपल्या कामाले लागला असला तं पाखरू भीत नाही बापा. त्याच्याकडं टक लावून उभा राहिला का मग भेते.

मी: आईनं सांगितलं ते मी स्वतः पाहिलंय. युरिया टाकणारा माणूस जवळून गेला तरी सारस मान वर करून पाहतो आणि पुन्हा बसतो. धुऱ्यावर थांबलेल्या अनोळखी माणसासाठी मात्र लांबूनच उठतो.

ताई (नागपूर): पटलं रे. पण तुम्हा चौघांना एवढं करून मिळतं काय? प्रत्येक फोटो उघडून पाहायचा, वर लोकांचे रुसवे. पगार नाही, काही नाही.

मी: मिळतं ना. कंडक्टर भाऊ ड्यूटी संपवून रात्री अकराला मुलांच्या फोटोंवर एकेक ओळ लिहितात. मागच्या दिवाळीनंतर गावच्या मंडईत (जत्रेत) झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं नाटक होतं, मुलांच्या फोटोत सगळीकडं आडवे काळे पट्टे आले. त्यांनी शोधून काढलं: आपली लाईन 50 हर्ट्झची, तिच्यावरचे बरेच एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/100 किंवा 1/50 वर ठेवायचं, सायलेंट शटर बंद करायचं. दुसऱ्या रात्री पट्टे गेले. त्या नाटकातल्या एका बाईंचा मेकअप करतानाचा फोटो एका मुलीनं काढला होता. गुरुजींनी तिला परत पाठवलं, म्हणाले आधी त्यांना दाखव, मग टाक. बाईंनी पाहिला, म्हणाल्या, हा नको, दुसरा टाक, यात मी थकलेली दिसते. दुसराच टाकला. ती मुलगी आता कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढत नाही. आमचं निम्मं काम हेच आहे, काय टाकायचं नाही ते ठरवणं. ते बाहेर कोणाला दिसत नाही, पण मला ते फोटो काढण्याइतकंच आवडतं.

दादा: एक गोष्ट राहिली. ती बांधी आपली नाही, बाजूवाल्याची आहे. बाबू, तू त्याले विचारलं होतं?

बाबू: नाही बाबा. धुऱ्यावरच होतो, आत गेलो नव्हतो.

दादा: धुराही त्याचाच आहे. संध्याकाळी माझ्यासोबत चल. त्याले फोटो दाखव. त्याच्या शेतातली गोष्ट त्यालेच पहिले दिसली पाहिजे.

मी: दादा, हे फार बरोबर. आणि बाबू, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेव, पुसू नको. पिल्लं निघून उडायला लागली, धान कापून झालं, की हा फोटो आपण लावू. खांब आणि कळस कापून, जागा न लिहिता, आणि बाजूवाल्या काकांनी हो म्हटलं तर. 19 ऑगस्टला नाही लागला तर काही बिघडत नाही. 1839 मध्ये फ्रान्सच्या सरकारनं डागेरची फोटो काढायची रीत त्या तारखेला जगाला खुली केली, म्हणून तो दिवस. दर वर्षी येतो.

बाबू: मग आता काय लावू? माझ्याकडं आजीचा एक आहे. पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) पेंडी सोडतानाचा. नुसते हात.

मी: पाठव. डॉक्युमेंट करून. लोकेशन बंद करून.

आई (दादाच्या फोनवरून): हाताचा कशाले? तोंडाचा काढ ना नीट.

वहिनी: आई खूश झाल्या.

ताई (नागपूर): ऐक ना, एक घोळ आहे. तो सारसचा फोटो मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला होता. कौतुकानं. डॉक्युमेंटच.

मी: कधी?

ताई (नागपूर): परवा रात्री.

मी: मग आत्ताच 'सगळ्यांसाठी डिलीट' कर. अडीच दिवसांच्या आत होतं, नंतर होत नाही.

ताई (नागपूर): केला. पण तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी तो उतरवून घेतलाय. मोठा कॅमेरा आहे त्यांच्याकडं. जागा कुठं म्हणून कालच विचारत होते, रविवारी गाडी काढतो म्हणाले.

मी: त्यांना फोन लाव. लपवू नको, सगळं सरळ सांग. अंडी आहेत, शेत दुसऱ्याचं आहे, म्हणून आता नाही. चांगला फोटो काढणारा माणूस असेल तर त्याला समजतं. थंडीत नवेगावबांधला बाहेरून पक्षी येतात, तेव्हा त्यांना घेऊन ये. गुरुजी सोबत येतील, तलावाच्या पाळीवर कुठं बसायचं ते दाखवतील.

ताई (नागपूर): लावते.

ताई (नागपूर): बोलली. थोडे नाराज झाले, पण फाइल माझ्यासमोर पुसली. विचारत होते, तुमच्या ग्रुपमध्ये बाहेरच्याला घेता का?

मी: घेतो. नियम पाठवतो, ते वाचून 'मान्य' लिहिलं की झालं.

दादा: त्याईले म्हणा, दिवाळीनंतर या, जेवाले इथंच. आणि घरच्या सगळ्याईले सांगतो, महिनाभर त्या धुऱ्यानं कोणी जाऊ नका. मी युरिया टाकाले वरच्या बाजूनं जाईन.