समोरच्या उमेदवाराच्या घरच्या भानगडी काढून फायदा होतो का?

कपाशीवाला, चोपडा तालुका
मंडळी, आमच्याकडे ग्रामपंचायत लागलीय, सरपंच थेट जनतेतून. समोरच्या पॅनलच्या काकूंच्या सुनेची कोर्टात केस चालू आहे, तर आमच्या पोरांनी त्याच्यावर क्लिप बनवलीय, म्युझिक वगैरे टाकून. आप्पा म्हणतात मतदानाच्या आदल्या रात्री सोडू, उत्तर द्यायला टाइमच नाही मिळणार. मला काही पटत नाही भो, पण आप्पांसमोर बोलायला मुद्दा सापडत नाही.

तापीकाठ
अजिबात सोडू नका. १९७१ ला विरोधक 'इंदिरा हटाव' करत बसले, बाई 'गरिबी हटाव' म्हणाल्या अन् ३५२ जागा घेऊन आल्या. २००७ ला आपल्या नवापूरच्या पलीकडे गुजरातेत 'मौत का सौदागर' झालं, भाजप १८२ पैकी ११७. २०१९ ला 'चौकीदार चोर है', तर समोरच्यांनी नावापुढेच चौकीदार लावून घेतलं, ३०३. नुसत्या एका घोषणेने कोणी निवडून येत नाही हे मान्य, पण समोरच्याला भाषणाचा विषय फुकटात मिळतो ना.

केळीचा घड
मग १९८९ चं काय? बोफोर्सवरून गल्लोगल्ली चोर-चोर झालं, काँग्रेस चारशेच्या वरून १९७ वर आली. चालतं की.

तापीकाठ
दादा, तो सरकारी तोफांचा व्यवहार होता. सुनेच्या केसमध्ये गावाचा कोणता पैसा गेला? घरकुलाची यादी काढा, पाण्याची टाकी काढा, कोण नाही म्हणतंय.

भरीत-पुरी
आमच्या गावात एका बाईंच्या नवऱ्याच्या दारूवर रात्रीतून पत्रकं टाकली, खाली नाव नाही गाव नाही. सकाळी बाई तेच पत्रक हातात घेऊन घरोघरी, भाषण काहीच नाही, 'वाचा' एवढंच. बाया एकगठ्ठा तिकडे गेल्या. छापलं कोणी ते दुपारपर्यंत प्रेसमधून कळलंच, अन् त्या माणसाला आजही कोणी पारावर सरकून जागा देत नाही. विधानसभा-लोकसभेला तर उमेदवाराच्या चारित्र्यावर जाणूनबुजून खोटं पसरवलं तर निवडूनही पद जाऊ शकतं, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) बघा.

कपाशीवाला
आप्पांना सगळं वाचून दाखवलं, क्लिप थांबवा म्हणाले. पण एका पोराने मामाला पाठवून दिलीय अन् मामा काकूंच्याच गल्लीत राहतो 😓

भरीत-पुरी
मग आप्पांना आजच काकूंकडे पाठवा, क्लिप पोहोचायच्या आत. अन् पोरांना सोबत नेऊ नका.