८ लाख म्हणजे नेमके कुठले ८ लाख?

काठावरचा:
एक पोस्ट फिरतेय: ‘इंजिनिअरिंगच्या प्रवेशातले जातीचे रकाने काढा, वर्षाला ८ लाखांखाली उत्पन्न असलेल्या सगळ्यांना सवलत द्या, तिढा संपला.’ डोकं फिरलं. हे ८ लाख दोन ठिकाणी दोन तऱ्हेने मोजतात. ईडब्ल्यूएसला, म्हणजे खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांच्या कोट्याला, पगार, शेती, धंदा सगळं धरतात, तेही मागच्या एकाच आर्थिक वर्षाचं. नॉन-क्रिमीलेअरला, म्हणजे ओबीसी वगैरेंमधले सधन वगळायच्या दाखल्याला, पगार आणि शेती वगळून तीन वर्षांचं बघतात. झेडपीचे शिक्षक नवरा-बायको, मिळून १२ लाख पगार: ओबीसी असतील तर दाखला मिळतो, खुल्या वर्गातले असतील तर तहसीलमधून हात हलवत परत.

तिरकस:
आमचीच बाजू मांडलीत, आभारी आहे. १२ लाखवाला मागास आणि ९ लाखवाला पुढारलेला!

काठावरचा:
अहो, नॉन-क्रिमीलेअरला हुद्दा बघतात. आई किंवा वडील थेट वर्ग १ ला लागले असतील तर पगार कितीही असो, दाखला नाही. आणि पगारदाराचे ८ लाख फॉर्म १६ वर छापून येतात. आडत्याचं रिटर्न बरोब्बर साडेसातवर थांबतं. नुसतं उत्पन्न धरलंत तर तोच रांगेत पुढे.

सातबारा:
दाखल्यांचं काय घेऊन बसलात? खरी माती व्हॅलिडिटीत, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत होते. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुक, नाहीतर गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधा. कागद मोडी लिपीतला असला तर लिप्यंतर करून घ्या. एवढं करून जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’! मुदतीत व्हॅलिडिटी आली नाही की राखीव जागा गेली.

तिरकस:
बारावीच्या निकालानंतर जागे होणाऱ्यांना समिती काय करणार? अकरावीतच अर्ज टाकावा.

सातबारा:
अकरावीत टाकल्याने पणजोबांचा कागद उगवतो का? भटक्यांना तर २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा मागतात. दर महिन्याला पाल हलवणाऱ्याची नोंद कुठल्या गावच्या नमुन्यात सापडणार, सांगा! ईडब्ल्यूएसला ही पडताळणीच नाही.

काठावरचा:
धागा उत्पन्नाच्या निकषाचा होता, साहेब.

तिरकस:
भटक्यांचं मान्य. पण खुल्या जागा तरी आमच्या राहू द्या.

सातबारा:
‘आमच्या’? कटऑफची यादी उघडा. ‘जीओपनएस’ म्हणजे सगळ्यांची जागा. गुणांवर तिथे बसलेला एनटी-सीचा (भटक्या जमाती-क) मुलगा राखीव कोट्यात मोजत नाहीत.

तिरकस:
कोड पाठ करतो, गुरुजी. काठावरचे, आडत्याच्या रिटर्नचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. तेवढंच.