स्पिटफायर मार्क 3: मागचं सस्पेन्शन आणि डिफ्रेन्शल काढायचंय, नागपुरात कसं करावं? सल्ला हवा

जुनीगाडी_धरमपेठ
नमस्कार मंडळी. ट्रायम्फ स्पिटफायर मार्क 3 आहे माझ्याकडे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1296 सीसीवाली. इंजिन, गिअरबॉक्सचं काम झालं, आता मागचं काम काढून राहिलो. त्रास असा की दुसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून खट्ट, परत दिला की परत खट्ट, आणि 60 च्या पुढे बारीक रडका आवाज सुरू होतो जो पायाचा दाब कमीजास्त केला की बदलतो. गाडी मागून बसलीय, चाकं वरून आत आणि खालून बाहेर फाकलेली दिसतात, आणि डिफ्रेन्शलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) नाकाशी ऑइल पाझरते. एका गॅरेजवाल्याने न उघडताच सांगितलं की हे सगळं फेकून जीपचा अ‍ॅक्सल टाकून देतो, कायमची कटकट मिटेल. मला ते बिलकुल करायचं नाही, गाडी आहे तशी राहिली पाहिजे. तर डिफ्रेन्शल उघडावंच लागेल का, मागचा पाटा (लीफ स्प्रिंग) इथेच कमानवाल्याकडे (पाटे दुरुस्त करणारा) चढवून घेऊ का बाहेरून मागवू, आणि पार्ट कुठून आणू? ज्यांनी हात लावलाय त्यांनी सांगा, घाई नाही.

हेराल्डवाला_सदर
भाऊ, आधी एक करा, डिफ्रेन्शलला हात लावू नका. या गाडीत खट्ट आवाजाचं कारण बहुतेक वेळा डिफ्रेन्शलच्या बाहेरच असतं. दोन्ही हाफ शाफ्टच्या (डिफ्रेन्शलपासून चाकापर्यंतचे दांडे) आतल्या टोकाला क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आहेत, गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला दोन क्रॉस, आणि डिफ्रेन्शल चेसिसला धरणारे रबरी बुश, पुढे नाकाशी आणि मागे आरपार जाणाऱ्या लांब बोल्टवर. आपल्या इथे मे महिन्यात 45 च्या वर पारा जातो, त्यात जुनं रबर फुटून भुगा होते. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या (विटांवर नाही, प्लीज), पुढच्या चाकांना गुटके लावा, आणि खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट हाताने इकडेतिकडे फिरवा, कोणीतरी मागची चाकं धरून ठेवली पाहिजेत. हलणं नेमकं कुठे संपते ते डोळ्याने दिसते. क्रॉसच्या टोप्यांजवळ गंजाची लाल भुकटी दिसली की तो क्रॉस गेलाच समजा.

एवढं करूनही आत खेळ उरला तर डिफ्रेन्शलच्या आतल्या सन गिअरमागचे थ्रस्ट वॉशर झिजले असतील, ते वेगवेगळ्या जाडीचे येतात आणि क्राऊन-पिनियनची (डिफ्रेन्शलमधली मुख्य गिअरची जोडी) सेटिंग न मोडता बदलता येतात.

रडका आवाज वेगळा विषय आहे. आधी ऑइलची लेव्हल बघा, नाकाशी पाझरतेय म्हणजे कमी असणारच. ईपी 90 हायपॉइड ऑइल, सपाट जागेवर गाडी उभी करून फिलर प्लगच्या काठापर्यंत. मग वर्धा रोडला मिहानच्या बाजूला रस्ता मोकळा असतो तेव्हा चालवून ऐका. पाय दाबला की वेगळा आणि सोडला की वेगळा आवाज, म्हणजे क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग. पायाने काहीच फरक नाही पण वळणावर बदलते, तर चाकाचं बेअरिंग. सील गळतेय म्हणून कोणाला पिनियनचा नट नुसता कसू देऊ नका, त्या नटवर बेअरिंगचा प्रीलोड (ठरावीक दाब) असतो, जास्त कसला की बेअरिंग तापून जाते. आत सॉलिड स्पेसर आहे का दबणारा तेही आधी पाहून घ्या, दोघांची पद्धत वेगळी आहे.

आणि जीपच्या अ‍ॅक्सलचं नाव काढणाऱ्याकडे गाडी सोडूच नका.

लेथवाला_हिंगणा
वरच्या दादांशी सहमत. माझं लेथचं काम आहे एमआयडीसीत, म्हणून हबबद्दल बोलतो. मागचा हब (ज्यावर चाक बसते तो भाग) शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, टेपरवर, चावीने बसलेला असतो आणि इतकी वर्षं झाली की तो सुटता सुटत नाही. लोक काय करतात, शाफ्टच्या टोकावर घण मारतात नाहीतर गॅसने लालभडक करतात, दोन्हीत माल वाया जातो, आटे चपटे होतात, शाफ्ट वाकतो. चांगल्या जाड प्लेटचा पुलर बनवून घ्या, चार स्टडच्या 95.25 मिमी पीसीडीवर (स्टडच्या वर्तुळाचा व्यास) भोकं, मधे मोठा बोल्ट. नट काढून टाकू नका, थोडा सैल करून आट्यांवर तसाच ठेवा म्हणजे हब सुटला की उडणार नाही. बोल्ट ताणून बसवायचा, हबच्या बाजूने थोडी ऊब द्यायची, बोल्टच्या डोक्यावर एक ठोका, नाही सुटला तर ताण तसाच ठेवून घरी जायचं. बऱ्याचदा सकाळी आपोआप सुटलेला मिळतो. ड्रॉइंग आणलं तर कोणताही बरा लेथवाला बनवून देईल. पाने मात्र इंची लागतील, 7/16, 1/2, 9/16, मिलिमीटरचे पाने लावून नट गोल करू नका.

ट्रायम्फ_पुणे
पाट्याबद्दल बोलतो कारण यात जिवाचा प्रश्न आहे. स्पिटफायरची चेसिस ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीवरून आलेली, मागे एकच आडवा पाटा, तो डिफ्रेन्शलच्या डोक्यावर स्टडने आवळलेला, आणि हाफ शाफ्टच चाकाला धरून वरखाली झुलतो. वळणावर वेगात असताना घाबरून एकदम पाय काढला की वजन पुढे जाते, मागची बाजू उचलली जाते आणि बाहेरचं चाक गाडीच्या खाली दुमडायला लागते. मागची पकड एका क्षणात जाते.

आता कमानवाला काय करेल? तो ट्रकचं काम करणारा माणूस, त्याच्या हिशेबात पाटा जितका उंच तितकं काम चांगलं. या गाडीत उलट आहे. पाटा जास्त चढला की चाकं वरून बाहेर झुकतात आणि ते दुमडणं अजून लवकर होते. तुमची गाडी बसलीय हे वाईट दिसतेय, टायर आतून खाईल, पण जास्त चढलेल्या पाट्यापेक्षा बसलेला बरा. दोन माणसं बसल्यावर चाकं सरळ किंवा वरून अगदी किंचित आत, एवढंच पाहिजे. भट्टीत तापवून नीट पाणी दिलं नाही तर चार महिन्यांत परत बसेल. माझं मत स्पष्ट आहे, पाटा नवा मागवा, बाकी ठिकाणी पैसे वाचवा.

अजून एक पर्याय आहे. 1970 च्या मार्क 4 पासून ट्रायम्फनेच पाट्याची रचना बदलली, त्यात एकच पान घट्ट आवळलेलं आणि बाकीची मधल्या पिव्होटवर झुलणारी. त्याने दुमडणं फार कमी झालं. तो पाटा मार्क 3 ला बसवता येतो, डिफ्रेन्शलवरचे स्टड बदलावे लागतात आणि पुढचा अँटीरोल बारही (वळणावर गाडी कलणं कमी करणारा दांडा) जाड घ्यावा लागतो कारण मागचा पाटा मग बॉडी रोल फारसा अडवत नाही. नुसता मागचा बदलून पुढचा विसरू नका.

जुनीगाडी_धरमपेठ
मनापासून आभार सगळ्यांचे. दादांनी सांगितलं तसं खाली जाऊन पाहिलं, डाव्या हाफ शाफ्टच्या क्रॉसला लाल भुकटी आहे आणि मागच्या लांब बोल्टचे बुश हाताने हलतात. ऑइल भरून चालवली तर रडका आवाज बराच कमी झाला पण गेला नाही. दोन शंका आहेत. झुलणारा पाटा लावला तर विंटेज रजिस्ट्रेशनला अडचण येईल का? आणि उरलेल्या आवाजासाठी क्राऊन-पिनियन काढू का?

कागदपत्र_सिव्हिललाइन्स
2021 च्या केंद्रीय नियमात विंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको. पाटा त्या यादीत नाही. पण जुना पाटा, स्टड सगळं जपून ठेवा आणि कामाचे फोटो काढा. व्हीए सिरीजची (विंटेज नंबरची) गाडी रोज फिरवायला चालत नाही हेही लक्षात असू द्या.

हेराल्डवाला_सदर
क्राऊन-पिनियन सध्या राहू द्या. ती जोडी एकत्र घासून बनवलेली असते, एकाचा क्राऊन दुसऱ्याचा पिनियन कधीच चालत नाही, आणि बॅकलॅश (दातांमधला खेळ) 0.10 ते 0.15 मिमीत बसवायला डायल गेज आणि निळं मार्किंग लावून दातांवरचा ठसा वाचता येणारा माणूस लागतो. थोडा आवाज असलेली जुनी जोडी चुकीच्या सेटिंगच्या नव्या जोडीपेक्षा जास्त टिकते. चारही क्रॉस, सगळे बुश, पिनियन सील, चाकाची बेअरिंग आणि पाटा एवढं करा, मग वर्षभर चालवा.

पार्टसाठी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीच्या हेराल्डचे जुने सांगाडे शोधा, मागचे बरेच भाग त्याच घराण्यातले आहेत. डिफ्रेन्शल घेतलं तर दात मोजा, तुमचा गिअर रेशो 4.11 आहे म्हणजे 37 ला 9. स्टँडर्डच्याच गझेलचं घेऊ नका, त्याला मागे सरळ अ‍ॅक्सल आहे. क्रॉस घेताना टोपीचा व्यास आणि दोन टोकांतलं अंतर व्हर्निअरने मोजून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका.

शॉकअब्सॉर्बर सोडण्याआधी व्हर्टिकल लिंकखाली (हबला धरणारा उभा भाग) जॅक लावा, या गाडीत चाक खाली लटकायला शॉकच अडवतो, तो सुटला की सगळा भार ब्रेकच्या होजवर आणि क्रॉसवर येतो. आणि बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उभी करून, सीटवर दोन माणसं बसवून. हवेत कसले तर रबर पिळलेलंच राहते आणि उंचीही खोटी दिसते. बसवताना बोलवा, मी येतो, डायल गेज आहे माझ्याकडे.