ग्राहकाच्या आर्टवर्कचं प्रूफ काढायचंय? मग लेझर घेऊ नका

ठिपका:
टेबलावर मावणारा रंगीत प्रिंटर घ्यायचा म्हटलं की डिझाइनवाल्यांना पहिला सल्ला लेझरचा मिळतो. वेगवान, साध्या कागदावर चालतो, महिनाभर बंद राहिला तरी काही बिघडत नाही. सगळं खरं, पण प्रूफसाठी, म्हणजे छपाईआधी ग्राहकाची मंजुरी घ्यायच्या नमुन्यासाठी, मला हा सल्ला चुकीचा वाटतो. ग्राहक ज्या कागदावर सही करतो त्याने छापखान्याच्या ऑफसेट मशीनवरून काय उतरणार आहे ते आधी दाखवलं पाहिजे. टेबलावरच्या मशीनांत हे काम पिगमेंट शाईचा (न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई वापरणारा) इंकजेटच नीट करतो.

ज्या छपाईची नक्कल करायची, तिच्यापेक्षा प्रूफ काढणाऱ्या प्रिंटरचा गॅमट (दाखवता येणाऱ्या रंगांचा पल्ला) मोठा असावा लागतो. मोठ्या गॅमटमधून लहान दाखवता येतो, उलटं होत नाही. लेझरकडे बहुधा चारच टोनर. एप्सनच्या शुअरकलर पी९०० मध्ये दहा शाया आहेत, त्यात व्हायोलेटही. कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो-१००० मध्ये बारा टाक्या, त्यातली एक नुसत्या पारदर्शक थराची. गडद निळे, जांभळे रंग दाखवायची वेळ आली की हा फरक डोळ्याला दिसतो.

शिवाय लेझरचा रंग हलतो. हवेतला दमटपणा, मशीनचं तापमान, ड्रमची झीज, सगळ्याचा परिणाम होतो. सकाळी काढलेली प्रत आणि दुपारी काढलेली प्रत शेजारी ठेवा, राखाडी पट्ट्यात लगेच कळेल.

आणि साइझ बघून घ्या. ए३ म्हणजे २९७ × ४२० मिमी. त्या मापाचं काम ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) आणि क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) यांसकट ए३ कागदावर बसत नाही. निदान ३२९ × ४८३ चा कागद घेणारा प्रिंटर हवा.

जुळारी:
साफ असहमत. तुम्ही गॅमट मोजताय, ग्राहक मजकूर वाचतोय. प्रूफवर लाल पेनाने जे गोल होतात त्यातले बहुतेक फोन नंबर, नावाचं शुद्धलेखन, चुकीचा लोगो, जुना पत्ता यांचे असतात. त्यासाठी दहा शायांचा प्रिंटर कशाला?

दुसरं, पुस्तिकेची डमी. पानं दोन्ही बाजूंनी छापून, घडी घालून, मध्ये पिन मारून ग्राहकाच्या हातात दिली की सोळा पानांचा क्रम त्याला आपोआप कळतो. इंकजेटचा प्रूफ पेपर बहुधा एकाच बाजूने कोटेड असतो, त्यावर ही डमी होत नाही. लेझरमध्ये मात्र प्रत्यक्ष कामाचाच कागद घालता येतो, मशीन पेलेल त्या जाडीपर्यंत. कागदाचा हाताला लागणारा पोत हाही प्रूफचाच भाग आहे.

तिसरं, शाई. इंकजेट बरेच दिवस पडून राहिला की नोझल (शाईची बारीक छिद्रं) चोंदू शकतात आणि मग हेड क्लीनिंगमध्ये शाई वाया जाऊन मेंटेनन्स टँकमध्ये जमते. रोज रंगीत काम नसलेल्या जागी हा प्रिंटर छपाईपेक्षा सफाईलाच जास्त शाई खाईल.

ठिपका:
डमीचा मुद्दा मान्य, डमीसाठी लेझर चांगलाच. पण रंगावरून झालेला वाद फोन नंबरच्या चुकीसारखा सोपा नसतो. नंबर चुकला तर कोणाची चूक ते कागदावर दिसतं. निळा जांभळ्याकडे झुकला तर ग्राहक तुमचंच प्रूफ समोर धरतो आणि म्हणतो, "मी यावर सही केली होती." तेव्हा "लेझर जरा हलतो" हे उत्तर चालत नाही.

मोजपट्टी:
दोघांचंही घोडं एकाच ठिकाणी पेंड खातंय. तुम्ही मशीन निवडताय, पण प्रूफ घडतं ते प्रोफाइल (मशीन आणि कागदावर रंग कसे उतरतात त्याची फाइल), कागद आणि मोजणी यांतून. इंकजेट घेतला, त्यात चकचकीत फोटो पेपर घातला आणि कंपनीच्या ड्रायव्हरमधून 'व्हिव्हिड' (भडक रंगांचा पर्याय) लावून प्रिंट काढली, तर ते प्रूफ लेझरपेक्षाही घातक. ग्राहक अशा रंगांवर सही करेल जे ऑफसेटला कधीच जमणार नाहीत.

बहुतेक टेबलावरचे इंकजेट साध्या ड्रायव्हरमधून आरजीबी (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) रंग घेतात. तुमची सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) फाइल आधी आरजीबी होते, मग पुन्हा शायांमध्ये वाटली जाते. १०० टक्के काळ्यातली बारीक अक्षरं अनेक शायांच्या मिश्रणातून निघू शकतात. त्याहून वाईट गोष्ट ओव्हरप्रिंटची, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापायच्या सेटिंगची. समजा, गडद पट्ट्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना चुकून ओव्हरप्रिंट लागलं आहे. ओव्हरप्रिंट न जुमानणाऱ्या साध्या प्रिंटमध्ये अक्षरं ठसठशीत दिसतात, ग्राहक खुशीत सही करतो आणि छपाईच्या प्लेटवर ती अक्षरं नसतातच, नुसता पट्टा छापला जातो. प्रेसमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, असं घडतं. पीडीएफ थेट वाचणारं, ओव्हरप्रिंट आणि स्पॉट कलर (मिश्रणाऐवजी वेगळी तयार शाई) समजणारं रिप सॉफ्टवेअर, म्हणजे फाइलचं छपाईसाठी रूपांतर करणारा प्रोग्राम, नसेल, तर दहा शायांचा प्रिंटर घेऊनही तुम्ही फक्त सुंदर चित्र काढताय.

मोजणीचंही तसंच. प्रत्येक प्रूफच्या कडेला फोग्रा या जर्मन छपाई-संशोधन संस्थेच्या मीडिया वेजसारखी, रंगीत चौकोनांची पट्टी हवी. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ७२ चौकोन आहेत. स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजायच्या यंत्राने) ते वाचायचे आणि प्रूफसाठीच्या आयएसओ १२६४७-७ मानकाच्या मर्यादांशी ताडून बघायचे. पास झालं तरच त्याला काँट्रॅक्ट प्रूफ, म्हणजे रंगासाठी ग्राह्य धरायचं प्रूफ, म्हणा. नसेल तर कागदावर ठळक लिहा: 'फक्त मजकूर व मांडणीसाठी'.

आणि प्रूफचा कागद दुकानात पांढराशुभ्र दिसला म्हणून घेऊ नका. ऑप्टिकल ब्राइटनर (जास्त पांढरं दिसावं म्हणून घातलेलं रसायन) असलेला कागद उजेडातल्या अतिनील किरणांमुळे निळसर दिसतो, आणि उजेड बदलला की रंगही बदलतात. फोग्रा३९ आणि फोग्रा५१ या ऑफसेटच्या दोन ठरलेल्या रंगमापांतला मोठा फरक कागदाच्या याच पांढरेपणाचा आहे. प्रेस कोणत्या प्रोफाइलवर चालते ते विचारल्याशिवाय प्रूफ पेपर घेण्यात अर्थ नाही.

जुळारी:
इतकं सगळं करायचं तर लहान स्टुडिओने काँट्रॅक्ट प्रूफ स्वतः काढूच नये. छापणाऱ्या प्रेसकडूनच मागवावं. तिथलं प्रोफाइल त्यांचं, मशीन त्यांचं, जबाबदारीही त्यांची. रिप, मोजायचं यंत्र, खास कागद, वरचेवर कॅलिब्रेशन एवढं सगळं आठवड्यातून एखाद्या रंगीत कामासाठी कोण सांभाळणार? मधल्या टप्प्यांना कॅलिब्रेट केलेला मॉनिटर आणि लेझरची प्रत पुरते.

कोरा कागद:
प्रेसचं प्रूफ येतं तेव्हा आर्टवर्क जवळजवळ पक्कं झालेलं असतं. रंगाचा प्रश्न त्याच्या आधी सोडवावा लागतो. पॅकेजिंगच्या कामात ग्राहक पॅन्टोन या तयार शायांच्या यादीतला ०२१ नारिंगी मागतो आणि छपाई चार रंगांत करायची असते. हा नारिंगी सीएमवायकेत तितका तेजस्वी येत नाही. पहिल्या बैठकीत शाईचा नमुना आणि चार रंगांचं प्रूफ शेजारी ठेवलं तर ग्राहक तिथेच ठरवतो: पाचवी शाई घ्यायची की मळका नारिंगी चालवायचा. प्रेसच्या प्रूफची वाट पाहिली तर हाच निर्णय तारीख डोक्यावर असताना घ्यावा लागतो. म्हणून इंकजेट जवळ हवाच, आणि मोजपट्टी म्हणतात तसा रिपसकट.

एक भर घालतो, प्रूफ बघायचा उजेड. ५००० केल्विनचा, डी५० या प्रमाणित उजेडाच्या जवळचा दिवा नसेल तर खिडकीशी एक रंग आणि ट्यूबलाइटखाली दुसरा. प्रिंटरच्या खर्चातच त्या दिव्याचे पैसे धरा. आणि इंकजेटची प्रिंट निघताक्षणी मोजू नका, शाई कागदात स्थिरावू द्या.

ठिपका:
मोजपट्टींचं रिपबद्दलचं म्हणणं मी माझ्या शिफारशीत घालतो. पण जुळारी, 'आठवड्यातून एखादं काम' म्हणून इंकजेट नको, हे पटत नाही. रोज एक छोटी नोझल चेक पट्टी काढली की हेड चोंदण्याची भीती बरीच कमी होते, शाईही फार जात नाही.

जुळारी:
रोज आठवणीने पट्टी काढणारा माणूस असेल तर घ्या. माझ्याकडे सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडणारं कोणी नाही, आणि डमी रोज लागतात. माझा पैसा लेझरवरच.

मोजपट्टी:
कुठलाही घ्या, पण विकत घेण्याआधी आपली फाइल घेऊन जा. त्यात राखाडी ग्रेडियंट, त्वचेचा फोटो, ग्राहकाचा निळा, काळ्यातली बारीक अक्षरं आणि मुद्दाम ओव्हरप्रिंट लावलेली एक पांढरी ओळ ठेवा. आज एक प्रत काढून घ्या, उद्या त्याच मशीनवर दुसरी. दोन्ही मोजा. दोन प्रतींतच फरक निघाला, किंवा ती पांढरी ओळ कागदावर दिसली, तर विक्रेत्याला कारण विचारा.