लोझेर (फ्रान्स): लोकसंख्या वाढतेय, तरी वाड्या ओस कशा? आणि चराऊ जमिनीचा मालक कोण?

नकाशेकर

दक्षिण फ्रान्समधल्या लोझेर जिल्ह्याचा नकाशासंच करतोय. क्षेत्रफळ ५,१६७ चौ. किमी, लोक ७६ हजारांच्या आसपास, म्हणजे चौ. किमीला जेमतेम १५. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर याहून विरळ जिल्हा नाही. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक, १८५१ मध्ये इथे सुमारे १ लाख ४५ हजार लोक होते, १९९० मध्ये ७३ हजारांखाली आले, आणि त्यानंतर आकडा थोडा वर चढला. पण एकेका कोम्यूनचे (फ्रान्समधला सगळ्यात लहान स्थानिक कारभाराचा घटक, आपल्या ग्रामपंचायतीसारखा) आकडे वर्षागणिक पाहिले तर चढउताराचा मेळ लागत नाही. दोन, कोरीन लँड कव्हर या युरोपच्या भू-आच्छादन नकाशाप्रमाणे जिथे जंगल, तिथेच शेतीच्या नोंदीत कुरण दिसतं. शिवाय कित्येक चराऊ गटांच्या मालकाच्या रकान्यात माणसाचं नाव नाही, कोम्यूनचंही नाही, ‘अमुक वाडीचं सेक्शन’ एवढंच. तीन, साठ-सत्तर वस्तीच्या कोम्यूनमध्ये बांधकामाची परवानगी नेमकं कोण देतं?

शिरगणती

पहिल्याचं उत्तर. इन्से ही सांख्यिकी संस्था दहा हजारांखालच्या कोम्यूनमध्ये दर वर्षी घरोघर जात नाही. या कोम्यूनचे पाच गट आहेत. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एका गटाची पूर्ण मोजणी होते, मधल्या वर्षांचे आकडे गणिताने काढलेले असतात. त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्षांची वजाबाकी करू नका. २०२१ ची मोजणी कोविडमुळे पुढे ढकलली गेली, म्हणून आता किमान सहा वर्षांचं अंतर ठेवून तुलना करायची: २०१६ ते २०२२, २०१७ ते २०२३ अशी.

दुसरी मेख विलीनीकरणाची. २०१६ मध्ये फ्लोराक आणि ला साल-प्रुने मिळून फ्लोराक त्रुआ रिव्हिएर झालं. गोर्ज द्यु तार्न कोस, पेर आन ओब्राक हीही अशीच जोडलेली कोम्यून. जुना तक्ता नव्या नकाशावर चढवला की ‘अचानक वाढ’ दिसते. इन्सेची आजच्या हद्दींवर बसवलेली मालिका मिळते, तीच घ्या.

वाड्या ओस का, हे कोम्यूनच्या एका आकड्यात दिसणारच नाही. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत, वाढ होते ती बाहेरून येणाऱ्यांमुळे, आणि ती माँद या जिल्ह्याच्या मुख्य शहराच्या आसपास व ए-७५ महामार्गाच्या पट्ट्यात साचते. कोस मेजाँच्या पठारावर चौ. किमीला दोन माणसंही भरत नाहीत. त्यात जिल्ह्यातली जवळपास एक तृतीयांश घरं दुय्यम, म्हणजे सुट्टीपुरती उघडणारी. त्यांचे मालक मोजले जातात ते त्यांच्या मुख्य घराच्या गावी.

मात्र केंद्राकडून कोम्यूनना मिळणारं मुख्य अनुदान, डीजीएफ, वाटताना प्रत्येक दुय्यम घरामागे एक माणूस जादा धरतात. त्यामुळे अंदाजपत्रकातली लोकसंख्या आणि शिरगणतीतली लोकसंख्या वेगळी निघते. नकाशावर ‘पोप्युलासियों म्युनिसिपाल’, म्हणजे प्रत्येकाला एकदाच मोजणारा आकडा, वापरा. ‘तोताल’ (एकूण) वापरलीत तर बाहेरगावी शिकणारी मुलं दोन ठिकाणी मोजली जातील.

गावकूस

जमिनीचं मी सांगतो. आधी आच्छादन. कोरीनमध्ये २५ हेक्टरांहून लहान तुकडा दिसतच नाही, त्यामुळे दहा घरांची वाडी आणि तिच्याभोवतीची शेतं शेजारच्या रंगात बुडतात. आरपीजी हा शेतकऱ्यांनी युरोपीय अनुदानासाठी स्वतः जाहीर केलेल्या गटांचा नकाशा. सेव्हेन डोंगररांगेच्या उतारांवर चेस्टनट आणि ओकच्या झाडांखाली शेळ्यामेंढ्या चरतात, म्हणून तो गट कोरीनमध्ये जंगल आणि आरपीजीत कुरण. दोन्ही खरं आहे. फक्त दोन्हीची बेरीज करू नका, नाहीतर जिल्हा त्याच्या क्षेत्रफळाहून मोठा होईल. झाडीसाठी आयजीएन या राष्ट्रीय नकाशा संस्थेचा बीडी फोरे हा जंगलांचा नकाशा घ्या, त्यात अर्ध्या हेक्टरापर्यंतचा तुकडा येतो. कोस पठारं आणि सेव्हेनचा हा चराईचा मुलूख २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तेव्हा कुरण-जंगलाची ही सरमिसळ नकाशावरून पुसू नका.

आता सेक्शन. ही कोम्यूनच्या पोटातली एक किंवा अनेक वाड्यांची, कोम्यूनपासून वेगळी, कायमची सामायिक मालमत्ता: कुरण, रान, कधी पाणवठा. मार्जरिद आणि ओब्राक या डोंगराळ भागांच्या बाजूला अशा जमिनी भरपूर. आपलं गायरान शासनाचं असून ग्रामपंचायतीकडे असतं, तसं हे नाही. २०१३ च्या कायद्याने सेक्शन ही स्वतंत्र सार्वजनिक कायदेशीर व्यक्ती ठरली.

सभासद कोण? ज्याचं खरं आणि कायमचं राहतं घर त्या वाडीत आहे, तोच. पॅरिसमध्ये राहून ऑगस्टात येणारा घरमालक पिढीजात तिथला असला तरी सभासद नाही. उलट गेल्या वर्षी भाड्याने येऊन कायम राहू लागलेलं कुटुंब सभासद. भांडणं बहुतेक इथेच पेटतात. सभासदाला उपभोग मिळतो तो वस्तुरूपात, जसं सरपण किंवा चराई. रोख वाटप कायद्याला मान्य नाही. जमिनीचं किंवा लाकडाचं उत्पन्न सेक्शनच्याच कामी लावायचं असतं.

कुरण कसायला देताना प्राधान्यक्रम ठरलेला आहे. पहिला हक्क वाडीत कायम राहणाऱ्या आणि हिवाळ्यात जनावरं बांधायचा गोठाही वाडीतच असलेल्या शेतकऱ्याचा. तसा कुणी नसेल तर सेक्शनच्या हद्दीत जमीन कसणारे आणि कोम्यूनमध्ये राहणारे, मग सेक्शनच्या हद्दीत नुसती जमीन कसणारे. शेवटचा शेतकरी निवृत्त झाला की हा क्रम एकेक पायरी खाली सरकतो आणि शेजारच्या मोठ्या कळपाकडे जमीन जाते. म्हणून ‘लोक संपले तरी कुरण हिरवंच’ असं चित्र दिसतं.

मतदार वीसपेक्षा कमी असले की सेक्शनची स्वतःची समिती बनत नाही, कारभार कोम्यूनची परिषद आणि मेयर पाहतात. विक्रीसाठी मात्र सेक्शनच्या मतदारांचा कौल घ्यावा लागतो. सभासदच उरले नाहीत, किंवा सलग तीन वर्षांहून अधिक काळ जमिनीचा कर कोम्यूनने भरला, तर परिषदेच्या मागणीवरून प्रेफे, म्हणजे केंद्राने नेमलेला जिल्हाप्रमुख, ती मालमत्ता कोम्यूनच्या नावे करू शकतो. नकाशात सेक्शनला स्वतंत्र रंग द्या. कोम्यूनच्या मालकीत ढकललंत तर विश्लेषण कोसळेल.

आराखडा_विभाग

परवानगीचं. कोम्यूनला पीएलयू (स्वतःचा विकास आराखडा), पीएलयूआय (अनेक कोम्यूनचा मिळून आराखडा) किंवा कार्त कोम्युनाल (साधा बांधकाम नकाशा) नसेल तर राष्ट्रीय नियमावली, आरएनयू, लागू होते. तेव्हा मेयर सही करतो ती केंद्र सरकारच्या वतीने, फाइल तपासते ती डीडीटी, म्हणजे केंद्राची जिल्हा कचेरी, आणि दोघांचं जमलं नाही तर निर्णय प्रेफेचा. नियम एका ओळीचा: आज वस्ती आहे त्या भागाबाहेर नवं घर नाही. वर १९८५ चा पर्वतीय कायदा, म्हणजे बांधकाम गाव, वाडी किंवा जुन्या घरांच्या समूहाला लागूनच हवं.

यातून एक वाट आहे, आणि तुमच्या विषयाला ती थेट भिडते. लोकसंख्या घटू नये अशा कारणासाठी परिषद सकारण ठराव करून वस्तीबाहेरच्या बांधकामाला मार्ग मोकळा करू शकते. मात्र शेतजमीन-रक्षण आयोगाची, सीडीपीईएनएएफची, संमती बंधनकारक आहे. आणि दुय्यम घरांमुळे जमिनीवर ताण असेल तर पर्वतीय भागात ही सवलत मिळत नाही. ठराव बहुतेकदा आपटतो तो मोघम कारणांमुळे. ‘गावाच्या हितासाठी’ एवढं लिहून भागत नाही. शाळेचा पट, मागच्या दोन शिरगणत्यांमधली घट, रिकाम्या घरांची संख्या आणि ती घरं का विकली जात नाहीत, हे सगळं ठरावात यावं लागतं.

पडका गोठा घर करायचा असेल तर आधी भिंती बघा. भार पेलणाऱ्या बहुतेक भिंती उभ्या असतील तर जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार म्हणून विचार होऊ शकतो, नुसता पाया उरला असेल तर ते नवं बांधकाम. खर्चात पडण्याआधी सीयूबी, म्हणजे त्या जागी ठरवलेलं बांधकाम करता येईल का हे सांगणारं प्रमाणपत्र, मागवा: दोन महिन्यांत उत्तर, १८ महिने वैध. सेव्हेन राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात (१९७० पासून, मुख्यालय फ्लोराक) उद्यानाची मंजुरी वेगळी लागते.

परिषदेबद्दल: शंभराखालच्या कोम्यूनमध्ये ७ जागा, ५ भरल्या तरी परिषद पूर्ण मानतात. मार्च २०२६ पासून हजाराखालीही स्त्री-पुरुष आलटून-पालटून असलेल्या याद्यांवर मतदान आहे, मतपत्रिकेवरची नावं खोडून आपली भरायची जुनी सोय गेली. जिल्हा परिषदेचा बांधकाम परवानगीशी संबंध नाही. १३ कँतोंमधून (मतदारसंघांमधून) प्रत्येकी एक स्त्री व एक पुरुष असे २६ सदस्य, आणि काम रस्ते, ‘कोलेज’ म्हणजे माध्यमिक शाळांच्या इमारती, वृद्ध-अपंग साहाय्य असं.

नकाशेकर

फारच उपयोगी. सेक्शनचा जमाखर्च बाहेरच्या माणसाला बघता येतो का?

गावकूस

येतो. कोम्यूनचं अंदाजपत्रक, हिशेब आणि परिषदेचे ठराव मागायचा हक्क कुणालाही आहे, रहिवासी असण्याची अट नाही. सेक्शनचा हिशेब अंदाजपत्रकाला जोडलेला असतो, तो नावानिशी मागा: कोणतं सेक्शन, कोणती वर्षं. मेरीचा (कोम्यूनच्या कचेरीचा) सचिव बऱ्याचदा दोन-तीन कोम्यूनमध्ये विभागलेला असतो, आठवड्यातून एक-दोन सकाळीच भेटतो, तेव्हा मेल करा आणि तारीख जपून ठेवा. महिनाभर उत्तर नाही म्हणजे नकार समजायचा, आणि तिथून दोन महिन्यांच्या आत सीएडीए, म्हणजे सरकारी कागदपत्रं मिळण्याच्या हक्काबद्दलच्या आयोगाकडे अर्ज करायचा.