घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भांडुपला राहतो. बाबांच्या भजनांच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून रास्पबेरी पायवर (छोटासा कॉम्प्युटर) टाकल्यात, त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) लावलंय, घरात वायफायवर १९२.१६८.१.२० टाकलं की मोबाईलवर, टीव्हीवर सगळीकडे मस्त चालतं. पण रत्नागिरीला काका उघडायला गेला की नुसतं गोल गोल फिरतं आणि शेवटी टाइमआउट. मी पण वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघितलं, तेच.

राउटरमध्ये पोर्ट ८० आणि ४४३ फॉरवर्ड केलेत (म्हणजे बाहेरून येणारी वेबची मागणी पायकडे वळवली), पायचा आयपी फिक्स केलाय, फायरवॉल पाच मिनिटं बंद ठेवून पण पाहिलं. काल रात्री एक गोष्ट लक्षात आली, राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (केबलवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) १००.७२ ने सुरू होतो आणि 'माझा आयपी काय' शोधलं की भलताच आकडा येतो. १००.६४ ते १००.१२७ ही रेंज सीजीनॅटची असते असं वाचलं, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला आणि माझं पोर्ट फॉरवर्डिंग तिथपर्यंत पोचतच नाही, बरोबर ना?

केबलवाल्या दादांना फोन केला तर ते म्हणाले राउटर बंद करून चालू करा. तीनदा केला.

आता स्टॅटिक आयपी (फक्त माझा, न बदलणारा पब्लिक पत्ता) मागू, आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) वर प्रयत्न करू की टनेल (बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्फत पायपर्यंत रस्ता) लावू? काकाला फोनवर काही इन्स्टॉल करायला जमणार नाही, लिंक दाबली की आवाज यायला हवा. मुंबईत लोकल केबलच्या नेटवर कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, बाबांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी काकाला ऐकवायचंय.